खैरगावची गाडी तापते

गाडी पुन्हा थांबली.

सकाळी साडेदहाला डेपोतून निघाल्यापासून ही चौथी वेळ. नवतपा लागलेला, मेअखेरचे ते नऊ जळते दिवस. डांबर चपलेला चिकटत होतं आणि खिडकीची दांडी अशी तापली होती की तिच्यावर भाकर शेकून घ्यावी.

"आता काय झालं, भाऊ?" मी मागून ओरडले.

"तापली," आमचे ड्रायव्हर ठवकरभाऊ म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले.

"अहो, आत्ता निंबोळ्याला तर पाणी टाकलं!"

"पुन्हा तापली."

"दहा मिनिटांत?"

"मॅडम, तुमी तिकिटाचं पाहा. गाडीचं मी पाह्यतो." मग त्यांनी बाहेरून पत्र्यावर दोन थापा मारल्या. "उतरा बाप्पा सगळे! इंजिनाची गरमी अंदर येते. पह्यले मॅडम उतरतीन, मंग बाकीचे."

गाडी उभी होती ती मोठ्या कडुनिंबाखाली, हापशीपासून दहा पावलांवर. त्या गाडीचं हे एक कौतुकच होतं. ती उघड्या माळावर कधी तापली नाही. तापायची ती झाड पाहून.

पुढच्या बाकावरून एक गुलाबी फेटा ताडकन उठला. घोडमारे त्यांचं नाव. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट पाठीला चिकटून पारदर्शक झाला होता.

"अहो ड्रायव्हर! बारा वीसचा मुहूर्त हाये! मी नवरीचा मामा हाये! मामाच नसन तं नवरीले मांडवात कोन आनन? तुमचा रेडिएटर?"

"मुहूर्त काही तापत नाई मामा. गाडी तापते," ठवकरभाऊ शांतपणे म्हणाले आणि खिडकीला लटकवलेली पाण्याची कापडी छागल काढून हापशीकडे गेले.

छागल भरली. रेडिएटरमध्ये म्हणाल तर चूळभर पाणी ओतलं, मग पितळी गिलास भरून माझ्यापुढे धरला.

"हे उरलं. फेकाचं नाई. प्या."

"मला नको."

"पाणी वाया गेलं तं पाप लागते. अन् तो दुपट्टा ओला करून डोक्शावर घ्या. तुमच्याकडे पाहून मलेच गरम होऊन राह्यलं."

मी रागारागाने गिलास रिकामा केला. ह्या माणसाला पाण्याचं मोजमाप कळत नाही की काय? दर वेळी गिलासभर उरतंच कसं?

ह्या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कंडक्टर होऊन वर्ष होत आलं होतं, पण नोकरी पक्की व्हायला अजून दीड महिना बाकी होता, आणि तोवर सुट्टी मागायची माझी छाती नव्हती. आणि पोटात दोन महिन्यांचं होतं.

ही गोष्ट चौघांनाच ठाऊक होती. मला, माझे यजमान दिलीप यांना, सासूबाईंना आणि डॉक्टरबाईंना. आदल्या वर्षी एक खेप अडीच महिन्यांतच हातची गेली होती. तेव्हा मी आनंदाच्या भरात गल्लीभर सांगून बसले होते, आणि नंतर गल्लीभर तोंड लपवत फिरले होते. म्हणून या खेपेला सासूबाईंनी बजावलं होतं, "तीन महिने व्हाच्या आत या कानाचं त्या कानाले कळू देजो नको."

डॉक्टरबाईंनी वेगळंच बजावलं होतं. "अंग तापू द्यायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत ते चांगलं नाही. तहान लागो न लागो, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी प्यायचं. मधूनमधून सावलीत बसायचं, डोकं ओलं ठेवायचं. काम काय करता तुम्ही?"

"कंडक्टर आहे. खैरगाव लाईनला."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

मी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीही केलं नाही. करणार कसं? पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि बावन्न किलोमीटरच्या रस्त्यावर बाईमाणसाची सोय फक्त दोन टोकांना. म्हणून मी पाणीच प्यायचे नाही. सकाळी डिझेलचा वास आला की पोटातलं गळ्याशी यायचं. मग बोरीच्या स्टॉपवर एक काका बकरी घेऊन चढायचे. मी तोंडावर दुपट्टा घट्ट बांधायची आणि त्याच्या आड ओठ चावत तिकिटं द्यायची. उन्हाने तिकिटांचा कागदसुद्धा काळा पडायचा. लोक विचारायचे, "मॅडम, हे तिकीट जळलं का?"

एप्रिलच्या मध्याला मला ह्या लाईनवर ठवकरभाऊंसोबत टाकलं होतं. पन्नाशी उलटलेला, काडीसारखा, मिशा पिकलेला माणूस. पंधरा दिवस गाडी सुतासारखी धावली. मे लागला आणि गाडीला काय धाड भरली कोण जाणे. निंबोळ्याला तापली, लोणीला तापली. एकदा तर नेमकी बोरीच्या शाळेसमोर तापली. शाळेला सुट्ट्या होत्या, पण बाथरूमची किल्ली शिपाईबाईंकडे होती आणि त्या बाई फाटकातच उभ्या. मला तेवढं एकदा बरं वाटलं. बाकी रोज गाडी तीस-चाळीस मिनिटं लेट, आणि शिव्या खायला मी. प्रवासी ड्रायव्हरला काही म्हणत नाहीत. तो समोर पाहत असतो. कंडक्टर बिचारी त्यांच्यात उभी असते.

मी एकदा कंट्रोलर काळमेघसाहेबांकडे जाऊन सरळ म्हटलं, "मला दुसरा ड्रायव्हर द्या. ह्यांची गाडी रोज तापते."

"कोणाची?"

"ठवकरांची."

ते आधी हसले. मग मी हसत नाही हे पाहून गप्प झाले. "ठवकरांची गाडी?" त्यांनी रजिस्टर ओढलं, पानं उलटली, आणि चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी केलं होतं.

अजून एक माणूस ह्या गोष्टीत आहे. निंबोळ्याच्या पंचफुलाबाई. रोज ताकाची कॅन घेऊन चढायच्या, खैरगावच्या बाजारात विकायच्या आणि दुपारच्या गाडीने परतायच्या. रोज माझ्या शेजारी बसून त्या पेलाभर ताक माझ्या हातात द्यायच्या. "चाखून पाह्य व माय, आंबट तं नाई झालं?" मी चाखायची, "नाही झालं" म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाईची जीभ गेलीय बिचारीची, असं मला वाटायचं.

तर त्या लग्नाच्या दिवशी लोणीच्या पुढे एका निंबाखाली गाडी पाचव्यांदा थांबली, तेव्हा घोडमारेमामांचा धीर सुटला. ते फेटा सावरत सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

"माह्या घरी दोन ट्रॅक्टर हायेत. मले नका शिकवू." त्यांनी डोळे बारीक करून इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. "हे पाहा! काटा मधातच हाये! कुठी तापली?"

"काटा बिघडला," ठवकरभाऊ खालून म्हणाले.

"मंग तापली हे तुमाले समजलं कसं?"

"वासानं."

"वासानं?"

"हाओ. वास येते."

मामांनी गाडीभर नाक फिरवलं. बकरीवाले काका अवघडून उभे राहिले. पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"मॅडम! तुमी पाहा, तुमी सरकारी मानूस हा."

मी पुढे जाऊन पाहिलं. काटा खरंच मधोमध होता, अगदी निवांत. इतक्या दिवसांचा राग माझ्या डोक्यात चढला. म्हणजे गाडी तापतच नव्हती! हा माणूस रोज झाडाखाली वारा खायला थांबत होता, आणि बोलणी मी ऐकत होते!

"तक्रार वही आना!" मामा गरजले.

वही देण्यात मी इतकी तत्परता आजवर कधी दाखवली नसेल. मामांनी गुडघ्यावर ठेवून पानभर मजकूर लिहिला. मुहूर्त, भाची, मांडव, सगळं आलं त्यात. मग वही माझ्यापुढे केली. "साक्षीदार म्हनून तुमी सही करा. काटा तुमी पाह्यला."

मी सही केली. ललिता नगराळे, बिल्ला नंबरासकट.

ठवकरभाऊ निंबाला टेकून हे सगळं पाहत होते. मला वाटलं भांडतील, निदान डोळे तरी वटारतील. ते आले आणि गिलास पुढे धरून म्हणाले, "हे उरलं. प्या."

मी तोंड फिरवलं. त्यांनी गिलास माझ्या सीटवर ठेवला आणि जाऊन स्टेअरिंगवर बसले.

एक वाजता खैरगाव आलं. मामा गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारून, फेटा हातात धरून, धूळ उडवत मांडवाकडे धावले. त्यांच्यासाठी लग्न चाळीस मिनिटं खोळंबलं होतं. वऱ्हाडी तोवर दोन पंगती जेवून मोकळे झाले होते, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ठवकरभाऊंची ड्युटी थांबवली. डेपो मॅनेजरसाहेबांसमोर चौकशी लागली, आणि माझ्या गाडीवर खुशाल नावाचा नवा तरणा ड्रायव्हर आला. त्याने गाडी काढली आणि कुठेही न थांबता, वेळेच्या दहा मिनिटं आधी खैरगावला नेऊन उभी केली. मी मनात म्हटलं, गाडी चालवणं याला म्हणतात!

परतीची ट्रिप दुपारी एकची. त्या दिवशी पारा सत्तेचाळीसच्या वर गेला होता, असं रात्री बातम्यांत सांगितलं. लोणीपर्यंत मी ठीक होते. मग तिकीट मशीनवरचे आकडे एकमेकांत मिसळू लागले. एका आजोबांना मी दोनदा तिकीट दिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "कुठे जायचं?" कानात कोणीतरी जातं फिरवत होतं. अंगाला हात लावला तर घाम नव्हता. अंग कोरडं, चुलीवरच्या तव्यासारखं. आणि ओटीपोटात एक कळ आली.

ती कळ मला ओळखीची वाटली. गेल्या वर्षीची. मी जागच्या जागी खाली बसले.

"थांबव रे! थांबव!" पंचफुलाबाईंनी उठून घंटीची दोरी अशी ओढली की ती तुटून त्यांच्या हातात आली. खुशालने ब्रेक मारला. झाड नव्हतं, हापशी नव्हती. दोन्ही बाजूंना नुसता नांगरलेला माळ. गाडीतल्या बायांनी मला बाकावर आडवं केलं, खिडक्यांना लुगड्यांचे पदर लावले. कोणाच्या बाटलीत थेंब उरला नव्हता. खुशाल पांढराफटक पडून नुसता "काय करू, काय करू" म्हणत होता.

"गाडी पळव दवाखान्यात, अजून काय करतं!" पंचफुलाबाई त्याच्यावर ओरडल्या. मग त्यांनी कॅनचं झाकण काढलं आणि विकून उरलेलं दोनेक लिटर ताक सरळ माझ्या डोक्यावर ओतलं. ते कानात गेलं, नाकात गेलं, मानेवरून युनिफॉर्मात गेलं. आयुष्यात इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं. उरलेला पेलाभर त्यांनी माझ्या ओठांना लावला.

"दोन महिने होऊन गेले ना?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

मी डोळे उघडले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? गाडीतल्या समद्या बायांले ठाव हाये."

"पण मी तर कोणालाच…"

"ठवकर असता तं ही पाळीच आली नसती." त्यांनी माझ्या कपाळावरचं ताक पदराने पुसलं. "तो थांबत होता ना जागोजागी."

"त्यांची गाडी तापत नव्हती, मावशी. खोटं बोलत होते ते."

पंचफुलाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आधी त्यांना हसू आलं आणि मागोमाग डोळ्यांत पाणी. "अव येडे, गाडी कुठची तापते? तू तापत होती! मे लागला तवाच त्यानं मले सांगतलं का रोज पेलाभर ताक हिले पाज. काही बी निमित्त कर, पन पाज. अन् तिले समजू देजो नको, पोट्टी लाजन."

बकरीवाले काका मागून हळूच म्हणाले, "मले बी सांगतलं होतं. बकरी मांगं बसवत जा म्हने. वासाचा तरास होते तिले."

तक्रार वहीतली माझी सही माझ्या डोळ्यांसमोर दिसत होती. अक्षर माझं चांगलं आहे. लांबून वाचता येतं.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांना नवस बोलून टाकले. शेवटी त्या म्हणाल्या, "ठोके आहेत. चांगले आहेत." मग नाक मुरडून म्हणाल्या, "हा वास कसला येतोय?"

"ताकाचा," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दिलीप म्हणाले, "तू झोपून राहा, मी चिठ्ठी देऊन येतो." मी ऐकलं नाही. सासूबाई दारापर्यंत आल्या. मला वाटलं अडवतील. त्यांनी माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवला, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला आणि म्हणाल्या, "जे हाये ते सांगून दे. माणसापरीस का रीत मोठी हाये?"

मॅनेजर देशकरसाहेबांच्या खोलीत ठवकरभाऊ हात मागे बांधून उभे होते. वर्कशॉपचे हेड मेकॅनिक बोरकुटे होते, आणि खुर्चीवर घोडमारेमामा. आज फेटा नव्हता, पण रुबाब तोच.

"बोरकुटे, गाडी तपासली?"

"तपासली साहेब. रेडिएटर चांगला, पंखा चांगला, काटाबी चांगला. ही गाडी तापूच शकत नाही."

"ठवकर?"

"तापत होती साहेब."

"ते म्हणतायत तापू शकत नाही."

"ते सावलीत पाह्यतात. मी उन्हात चालवतो."

"पंचवीस दिवसांत सत्तर वेळा?"

"उन्हाळा हाये साहेब."

देशकरसाहेबांनी कपाळ चोळलं. "ठवकर, खोटा रिपोर्ट लिहिल्याबद्दल काय कारवाई होते, हे मी तुम्हाला सांगावं का? खरं कारण असेल तर बोला."

ठवकरभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "कारन तेच. तापली."

मी म्हटलं, "साहेब, गाडी नव्हती तापत. मला दिवस गेलेत. दोन महिने झालेत. हे माझ्यासाठी थांबत होते, आणि मला ते माहीत नव्हतं. माहीत नसताना मी सही केली."

वर पंखा करकरत होता. बोरकुटे हातातल्या पान्याकडे पाहू लागले. ठवकरभाऊ भडकले ते माझ्यावरच.

"कोनी सांगतलं होतं तुमाले बोलाले? तीन महिने तं होऊ द्याचे होते!"

घोडमारेमामा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता हे बरसतात. बरसले, पण ठवकरभाऊंवर.

"अन् हे मले तवा सांगता नाई आलं तुमाले?"

"सांगाची गोष्ट नव्हती."

"अहो, कानात सांगाचं! मी फेटा सोडून पोरीले वारा घातला असता! इथं मी एका लग्नापायी…" त्यांनी टेबलावरची तक्रार वही ओढली आणि आपलं पान धरलं.

"फाडू नका, फाडू नका! पानांवर नंबर आहेत," देशकरसाहेब ओरडले.

मामांनी मग पेन मागितलं आणि आपल्याच मजकुराखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लग्न चांगले लागले. तक्रार नाही.' लिहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वही सरकवली. "करा सही साक्षीदार म्हनून."

मी दुसऱ्यांदा सही केली. या खेपेलाही बिल्ला नंबरासकट.

देशकरसाहेब कडक होते, पण माणूस सरळ. मला म्हणाले, "डॉक्टरची चिठ्ठी लावून अर्ज द्या. पाऊस पडेपर्यंत चौकशी खिडकीत बसा. नोकरीची काळजी करू नका, हजेरी हजेरीच असते. तिथे पंखा आहे. हळू फिरतो, पण फिरतो." मग ठवकरभाऊंकडे वळले. "तुम्हाला ताकीद देऊन सोडतो. पण हे सत्तर रिपोर्ट मला खोडता येणार नाहीत. रेकॉर्डला राहतील."

"राहू द्या," ठवकरभाऊ म्हणाले.

ते रेकॉर्ड म्हणजे काय, हे मला बाहेर आल्यावर कळलं. कंट्रोलरच्या खोलीबाहेर एक काळा फळा होता. रोज त्याच्यासमोरून मी जात-येत होते, पण वर पाहायची सवड कधी मिळाली नव्हती. ज्यांची गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही की वेळ चुकली नाही, अशा ड्रायव्हरांची नावं त्यावर असायची. सगळ्यात वर, खडूने पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेलं एक नाव होतं. उकंडराव ठवकर, सव्वीस वर्षे. इतके दिवस पुसायचं टाळलेलं ते नाव काळमेघसाहेब आता स्टुलावर चढून ओल्या फडक्याने पुसत होते. त्यांच्याने पुसवत नव्हतं. 'सव्वीस वर्षे' गेलं होतं, नाव अजून दिसत होतं.

ठवकरभाऊ खाली उभे राहून स्टूल धरून होते.

"पुसा ना नीट साहेब. अर्धं काहून ठेवता? घान दिसते."

मी जवळ गेले. "भाऊ, तुम्हाला कळलं कसं?" एवढंच विचारलं.

"आरशात समदं दिसते. खड्डा आला का तुमचा हात पोटावर जाये."

"मला सांगायचं होतं एकदा. मी तुम्हाला किती बोलले."

"सांगतलं असतं तं तुमी थांबू दिलं असतं का? उलट म्हटलं असतं, माह्यासाठी नका थांबू भाऊ, गाडी लेट होते." त्यांनी माझी नक्कल इतकी हुबेहूब केली की वरती काळमेघसाहेब हसले आणि स्टूल डगमगलं.

"पण तुमचं नाव…"

"खडूचं होतं ते. खडूचं पुसतेच." त्यांनी स्टूल पुन्हा घट्ट धरलं. "तुमी उन्हात कायले उभ्या हा? जा, खिडकीत जाऊन बसा."

उन्हाळा मी त्या खिडकीत काढला. जूनमध्ये तीन महिने पूर्ण झाले, तेव्हा सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. गल्लीला ते आधीच माहीत होतं. निंबोळ्यालाही माहीत होतं, लोणीलाही, आणि खैरगावात तर घोडमारेमामांच्या भाचीने माझ्यासाठी लोणच्याची बरणी पाठवली होती.

मुलगी डिसेंबरात झाली. अठ्ठावीसशे ग्रॅम, आणि डोकंभर जावळ. ती पंधरा दिवसांची असताना, आपल्या सुट्टीच्या दिवशी, ठवकरभाऊ बायकोला घेऊन आमच्या घरी आले. गिरजाबाई त्यांचं नाव. ठेंगणी, हसरी, बोलकी बाई. आल्या आल्या त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं, तिची बोटं मोजली, नाक कोणावर गेलंय ते ठरवलं. ठवकरभाऊ दारापाशीच खुर्चीवर अवघडून बसले. मुलीला घ्या म्हटलं तर "राहू द्या, हात खरबडे हायेत" म्हणाले.

मी गिरजाबाईंना सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, त्यांना ठाऊक असेल. त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. झाडं, हापशा, काटा, वास, ताक, सगळं त्या ऐकत गेल्या. सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसल्या. हळूहळू हसू थांबलं.

"ह्यानं गाडी थांबवली?" त्यांनी विचारलं.

"सत्तर वेळा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपात पाहत होता.

"मले चार पोरी हायेत," गिरजाबाई मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, बाजारातला भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "दुसरी अशीच भर उन्हाळ्यात झाली. मी मोठीले कडेवर घेऊन पायी दवाखान्यात गेली, अडीच कोस. तिसरीच्या वक्ती शेजारच्या मानसानं बैलगाडीत टाकून नेलं. चारही वक्ती हा मानूस ड्युटीवर. अन् चारही वक्ती टायमावर पोचला, व माय. खैरगावले पोचला, लोणीले पोचला. घरीच काय तो नाई पोचला."

ठवकरभाऊंनी कप खाली ठेवला. उठून आले आणि गिरजाबाईंच्या मांडीवरून मुलीला उचलून, त्या खरबडीत हातांनी, पाळण्यात ठेवलं. मग खाली फरशीवरच बसून दोरी ओढू लागले.

चार वाजत आले तसे दिलीप आत आले. "भाऊ, चारची गाडी निघेल. सोडू का स्टँडवर?"

ठवकरभाऊंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सवयीने उठायला गुडघ्यावर हातही ठेवला. मग तो हात पुन्हा दोरीवर गेला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "सहाची भेटते."

गिरजाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पायातली जोडवी सारखी केली, दोन्ही पाय खाटेवर वर घेतले आणि नीट मांडी घालून बसल्या.